‘मागाहून कळवूं’

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, आणि त्या आम्ही गेलीं कित्येक वर्षें परगांवच्या तरुणांस भाड्यानें देत आलों आहों. तळवड्यांत हें कांहीं नवल नव्हे. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, औद्योगिक विकास महामंडळाच्या सॉफ्टवेअर पार्कांत कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या, पलीकडे चाकणास मोटारींचे कारखाने आले. आणि मराठवाडा, विदर्भ व खानदेश येथील हजारों मुलेंमुली पोटासाठीं या पट्ट्यांत येऊन राहूं लागलीं. इंद्रायणीच्या कांठानें वर गेलें तर देहू, खालीं गेलें तर आळंदी. एका टोंकास संसार केलेला संत, दुसऱ्या टोंकास न केलेला. आणि मधल्या या गांवांत संसार मांडूं पाहणाऱ्या तरुणांची एवढी दाटी कीं, त्यांतल्या कोणाची कोणाशीं गांठ कशी पडावी हा प्रश्न दोन्ही संतांनीं आमच्यावर सोंपवून ठेविला आहे.

ज्या तरुणामुळें हें लिहावयाचा प्रसंग आला तो बीड जिल्ह्यांतील एका खेड्याचा, वय एकोणतीस, सॉफ्टवेअरच्या नोकरींत. गेल्या श्रावणांतील एका रविवारीं तो मोबाइल हातांत धरून खालीं आला व म्हणाला, “काका, एवढं मराठी जरा बघून देता?” आदल्या रात्रीं त्यानें एका डेटिंग अ‍ॅपवर आपलें खातें उघडिलें होतें, आणि स्वतःविषयीं चार ओळी लिहा असें तें अ‍ॅप त्यास बजावीत होतें. तीन वर्षें त्याच्या आईवडिलांनीं गांवाकडे स्थळें पाहिलीं, जमलें नाहीं. येथें ओळखीपाळखीचें कोणी नाहीं. कचेरींतून सुटावें तों रात्र होते, आणि रविवार कपडे धुण्यांत जातो. “कुणाला तरी भेटायचं तर आहे,” तो म्हणाला, “पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.”

त्याच्या चार ओळींचा मजकूर असा होता: साधा, सरळ, मनमिळाऊ, प्रवासाची व संगीताची आवड, आयुष्य आनंदानें जगणारा. आम्ही विचारिलें, “यांतलं तुझं नांव काढून शेजारच्या खोलीतल्याचं घातलं, तर काय बिघडेल?” तो हंसला. मग तासभर बसून त्यानें दुसऱ्या चार ओळी लिहिल्या. त्यांत आपणांस भाकरी थापतां येते, आणि गांवीं गेल्यावर पहिल्या दिवशीं विहिरींत पोहणें चुकत नाहीं, असें होतें. त्या आम्हांस पसंत पडल्या. कारण त्या त्याच्याच होत्या. फोटोचा प्रश्न आमच्या सौ.नीं सोडविला. त्यानें निवडलेला फोटो पांच वर्षांपूर्वींचा होता व त्यांत कपाळावर केंस पुष्कळ होते. सौ.नीं तो पाहून “हा तुझा धाकटा भाऊ का रे?” एवढेंच विचारिलें.

परंतु दोन गोष्टी इतक्या सहज सुटण्यासारख्या नव्हत्या. पहिली अशी कीं, दोन वर्षांपूर्वीं त्याचा साखरपुडा होऊन मोडला होता. आणि दुसरी अशी कीं, पगाराचा जवळजवळ अर्धा भाग तो वडिलांच्या कर्जापायीं गांवीं पाठवीत असे. मित्रांचा सल्ला दोन्ही लपविण्याचा होता. आमच्या वेळचे लोक असते तर त्यांनींही हाच सल्ला दिला असता, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. स्थळ जुळवितांना मुलाचा पगार वरून सांगणें व मुलीचें वय खालून सांगणें हा आमच्याकडे अपराध नसून व्यवहार मानला जात असे. तरीही आम्ही त्यास सांगितलें कीं, जी गोष्ट उशिरां कळली असतां समोरचें माणूस ‘हें आधीं कां सांगितलें नाहींत?’ असें विचारील, ती आधीं सांगितली पाहिजे. मात्र आधीं म्हणजे चव्हाट्यावर नव्हे. अ‍ॅपवरील चार ओळी हजारों अनोळखी डोळ्यांपुढें जातात. तेथें वडिलांचें कर्ज मांडणें हा प्रामाणिकपणा नसून पोरकटपणा होय. सत्य हें गर्दीचें देणें नव्हे, माणसाचें देणें आहे. ज्या दिवशीं त्या गर्दींतून एक माणूस निराळें होऊन आपल्याशीं मनापासून बोलूं लागेल, त्या दिवसापासून तें देणें सुरू होतें, आणि मग त्यास लांबण लावतां येत नाहीं. कचेरीचें नांव, राहण्याचा पत्ता, बँकेचा व्यवहार या गोष्टी त्या दिवसानंतरही कांहीं काळ आपल्यापाशींच ठेवाव्या हें निराळें. तो सावधगिरीचा विषय आहे, सत्याचा नव्हे. पैसे मागणारा भेटला कीं संवाद तेथेंच संपवावा, हें तर कोणासही सांगावें लागूं नये, तरी लागतें.

आमच्या बरोबरीचीं मंडळी सायंकाळीं एकत्र बसतात तेथें हा विषय निघाला, तेव्हां एका गृहस्थांनीं सरळ ‘बाजार’ हा शब्द वापरला. बोटाच्या एका फटकाऱ्यानें माणूस डावीकडे टाकावयाचें किंवा उजवीकडे घ्यावयाचें, याला दुसरें काय म्हणावें, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नाहीं. पण तो विचारण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे? १८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवलांचें ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलें, तें ज्या व्यवहारावर आघात करण्यासाठीं आलें त्या व्यवहारांत मुलीच्या बापाच्या हातीं पैसे पडत आणि म्हाताऱ्याच्या घरीं मुलगी पडे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. त्यानंतर हुंड्याचें नांव गेलें व ‘मुलीच्या हौसेनें काय तें द्या’ हें वाक्य आलें. वर्तमानपत्रांतल्या ‘वधू पाहिजे’च्या रकान्यांत उंची, रंग, जात व पगार यांच्या पलीकडे माणसाचें काय सांगितलें जात असे? आणि हे रकाने तरी कोणत्या कलियुगांतले? लंडनच्या एका पत्रांत १६९५ सालींच लग्नाची जाहिरात छापून आली होती. पुण्यांत ‘अनुरूप’सारखी विवाहसंस्था १९७५ पासून आहे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस विवाहाचीं संकेतस्थळें आलीं, २०१२ सालीं टिंडर निघालें. साधन पालटत गेलें. पाहण्याची नजर मात्र जुनीच आहे, आणि आपली स्वतःची नजर यंत्रांतून आपल्याकडे परत पाहूं लागली म्हणून आम्ही दचकलों आहों, असें आम्हांस वाटतें.

दुसरी गोष्ट विसरतां कामा नये. वयांत आलेल्या स्त्रीपुरुषांनीं एकमेकांस जाणून, मनें जुळवून मग विवाह करावा, हा विचार मोबाइलाबरोबर आलेला नाहीं. आगरकरांनीं ‘प्रियाराधन’ या नांवाचा निबंध लिहिला त्यास शतकाहून अधिक काळ लोटला, आणि तो विचार मांडल्याबद्दल त्यांस काय सोसावें लागलें हें मराठी वाचकांस सांगावयास नको. त्याच काळांतलें रखमाबाईंचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. अकराव्या वर्षीं लग्न झालेली ही मुलगी वयांत आल्यावर नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास कबूल होईना. १८८४ मध्यें तिच्यावर फिर्याद झाली. १८८७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिन्यांची कैद भोग, असा हुकूम केला. आणि तिनें कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं पैसे देऊन तडजोड झाली, व पुढें ती विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आली. एका स्त्रीच्या ‘नाहीं’ची ही किंमत होती. आज आमच्या गल्लींतली एखादी मुलगी तेंच ‘नाहीं’ रात्रीं गादीवर पडल्यापडल्या बोटानें म्हणते. हें स्वस्त झालें म्हणून कोणास दुःख होत असेल तर होवो; आम्हांस होत नाहीं.

मग या नव्या रीतींत गमावलें तें काय? आमच्या मतें गमावला तो मध्यस्थ. आमच्या लहानपणीं प्रत्येक कुटुंबाच्या ओळखींत असा एक मनुष्य असे. त्याच्या पिशवींत पत्रिका असत, डोक्यांत दहा गांवच्या वंशावळी असत, आणि जिभेवर एक विशिष्ट तेल असे. तो मुलाच्या व्यसनाची चौकशी परभारें करी, घर खरोखर स्वतःचें आहे कीं भाड्याचें हें पाहून येई; आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एका घरचा नकार दुसऱ्या घरीं पोंचविण्याचें अप्रिय काम तोच करी. त्याच्या हातून खोटेपणाही पुष्कळ झाला, जातीची भिंत तर त्यानेंच राखिली. तेव्हां त्याच्यासाठीं अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. परंतु त्यास गांवांत पुन्हा तोंड दाखवावयाचें असे. हें ‘तोंड दाखविणें’ म्हणजेच जबाबदारी. अ‍ॅपास तोंड नाहीं. केंद्र सरकारनें जून २०१६ मध्यें विवाहाच्या संकेतस्थळांसाठीं सूचना काढिल्या, त्यांत सभासदांची ओळख पटवून घ्यावी हें योग्यच सांगितलें. आणि हें स्थळ विवाहासाठीं आहे, डेटिंगसाठीं नाहीं, असें स्पष्ट लिहून ठेवावें असेंही सांगितलें. जणूं काय आधीं ओळख व मागाहून विवाह यापेक्षां आधीं विवाह व मागाहून ओळख हाच क्रम अधिक निर्धोक! तें असो. चौकशी, सत्यकथन व नकार हीं तीन कामें जीं पूर्वीं मध्यस्थाच्या गळ्यांत होतीं, तीं आतां ज्याचीं त्याच्या गळ्यांत आलीं आहेत, आणि त्यांतलें तिसरें काम कोणास करावयास नको आहे. तरुण मंडळी त्यास ‘घोस्टिंग’ म्हणतात. दोन दोन महिने रोज बोलणारें माणूस एका सकाळीं उत्तर देईनासें होतें. भांडण नाहीं, निरोप नाहीं, कांहीं नाहीं. आमच्या भाडेकरूच्या बाबतींत पहिल्या तीन महिन्यांत हें दोन वेळां घडलें, व दुसऱ्या वेळीं तो चार दिवस नीट जेवला नाहीं.

गणितज्ञांनीं या निवडीचा विचार केलेला आहे, आणि तो मोठा मजेचा आहे. समजा, शंभर स्थळें एकामागून एक पाहावयाचीं आहेत आणि एकदां सोडलेलें स्थळ परत येत नाहीं. तर पहिलीं सदतीस नुसतीं पाहून सोडून द्यावीं, व त्यानंतर त्या सर्वांहून सरस असें जें पहिलें येईल तें पत्करावें. अशानें शंभरांतलें सर्वोत्तम स्थळ हातीं लागण्याचा संभव शेंकडा सदतीसच्या आसपास असतो, आणि याहून चांगली रीत नाहीं. गेल व शॅप्ली या दोघांनीं १९६२ सालीं विवाहाच्या जुळणीवर एक छोटासा निबंध लिहिला; त्यावरून असें निघतें कीं, जो पक्ष आपण होऊन विचारणा करीत जातो त्यास त्याच्या वांट्यास येऊं शकणाऱ्यांतलें उत्तम मिळतें, व जो विचारणेची वाट पाहत बसतो त्यास कमी प्रतीचें. शॅप्लींस २०१२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हा दुसरा सिद्धान्त आम्ही भाडेकरूस सांगितला आणि उगाच वाट पाहत न बसतां प्रथम आपण चार शब्द लिहीत जा असें सुचविलें; तें त्यास उपयोगी पडलें. पहिल्या सिद्धान्तानें मात्र आमची झोंप उडविली. त्या पहिल्या सदतीस जणांचें काय? त्यांस बोलाविलें तेंच मुळीं नाकारण्यासाठीं! तीं आलीं, बसलीं, त्यांनीं आपल्याविषयीं सांगितलें, मनांत कांहीं आशा बाळगिली. आणि येथें त्यांचा उपयोग केवळ मापाच्या काठीसारखा झाला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कान्ट सांगून गेला तो कोठल्याशा राजकारणाविषयीं बोलत होता असें आम्हांस तरुणपणीं वाटे. तो आमच्या दिवाणखान्याविषयीं बोलत होता.

दिवाणखाना म्हटलें तो उगाच नव्हे. १९८१ सालीं, आम्हांस एका कारखान्यांत कायम नोकरी लागल्यावर, वडिलांबरोबर आम्ही पुण्यांतल्या एका वाड्यांत मुलगी पाहावयास गेलों. पोहे झाले, चहा झाला. शिवण येतें का, गाणें येतें का, हे प्रश्न वडिलांनीं विचारिले. आम्ही खालीं पाहून बसलों होतों. मुलीनें एकदांच वर पाहिलें तें आठवतें. निघतांना वडील म्हणाले, “मागाहून कळवूं.” हें वाक्य त्या काळीं महाराष्ट्रांत इतकें रुळलेलें होतें कीं, त्याचा अर्थ कोणी शब्दकोशांत पाहात नसे. पंधरा दिवसांनीं मुलीचे वडील पुण्याहून सायकलीनें आमच्या चिंचवडच्या बिऱ्हाडीं आले. आमच्या वडिलांनीं आम्हांस आंत राहावयास सांगून, पत्रिका दाखवावयास दिली आहे, असें सांगितलें. महिन्यानें ते पुन्हा आले. पुन्हा तेंच उत्तर. मग एक पोस्टकार्ड आलें. त्यास उत्तर गेलें नाहीं. खरें कारण एवढेंच होतें कीं दुसऱ्या एका घरीं बोलणें चाललें होतें, व तें फिसकटल्यास हें हातीं असावें. पुढें पुष्कळ वर्षांनीं एका परिचितांकडून आम्हांस कळलें कीं, त्या चार महिन्यांत त्या मुलीस एक चांगलें स्थळ सांगून आलें होतें, आणि आमच्या उत्तराची वाट पाहत तिच्या वडिलांनीं तें सोडिलें. ही गोष्ट आमच्या सौ.ना ठाऊक आहे. तें दुसरें घर त्यांचें.

म्हणून आजच्या मुलांच्या मुक्या नकाराविषयीं आमच्या पिढीनें कपाळास आठ्या घातलेल्या पाहिल्या कीं आम्हांस अवघडल्यासारखें होतें. ही विद्या त्यांनीं यंत्रापासून घेतलेली नाहीं. फरक असलाच तर इतकाच कीं, आमच्या गप्प बसण्यावर एक वाक्य पांघरलेलें असे.

पत्रिकेच्या सबबीविषयीं मात्र आमचें मन पुष्कळ दिवस दोलायमान होतें. ‘पत्रिका जुळत नाहीं’ असें कळविणें हें बहुधा असत्य असे, व तें असत्य आहे हें दोन्ही पक्षांस ठाऊक असे. कान्टनें १७९७ सालीं एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें कीं, दारीं आलेल्या मारेकऱ्यासही खोटें सांगण्याचा आपणांस अधिकार नाहीं. त्याच्या न्यायासनापुढें आमचे ज्योतिषी क्षणभरही टिकले नसते. पण त्या असत्यांत एक दया होती. मुलगी काळी आहे, बाप गरीब आहे, मुलगा बोलतांना अडखळतो, हें कोणाच्या तोंडावर मारण्यापेक्षां दोष आकाशांतल्या ग्रहांवर टाकून माणसें आपापल्या घरीं अब्रूनें जात. आणि दुसरें असें कीं, खोटें का होईना, तें उत्तर असे. त्यानें प्रकरण मिटे. तथापि त्याचा एक वाईट परिणाम झाला. आपण नाकारतों आहों, हें स्वतःशींही कबूल न करण्याची संवय आम्हांस लागली. आज विचार करितां आम्हांस असें वाटतें कीं येथें दोन गोष्टींची आम्ही गल्लत करीत होतों. नकार कळविणें निराळें आणि नकाराचें कारण सांगणें निराळें. पहिलें दुसऱ्याचें देणें आहे, दुसरें नाहीं. मन लागलें नाहीं याला पुष्कळदां कारण नसतेंच, आणि असलें तरी तें ऐकून ऐकणाऱ्याचें कांहीं भलें होत नाहीं. कारण न सांगणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे.

येथवर आमची विचारसरणी आम्हांस निर्दोष वाटत होती. ती आमच्या भाचीनें मोडली. ही मुलगी चाकणास मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत तपासणीच्या खात्यांत आहे, व तिनेंही अशा एका अ‍ॅपवर खातें उघडलेलें आहे. आम्ही आमचें प्रतिपादन मोठ्या समाधानानें तिच्यापुढें मांडल्यावर तिनें मोबाइल आमच्या हातीं दिला. या मंचांवर पुरुषांची संख्या स्त्रियांहून पुष्कळ अधिक असते. त्यामुळें तिच्या खात्यांत न उघडलेल्या नमस्कारांची जी रांग होती ती बोटानें सरकवितां सरकवितां आम्ही थकलों. “मामा, यातल्या किती जणांना ‘नाही’ म्हणून कळवूं? आणि मीं यांना बोलावलं कुठे होतं?” ती म्हणाली. मग तिनें दुसरी गोष्ट सांगितली. एकास तिनें सभ्यपणें, आपण हें बोलणें पुढें नेऊं इच्छित नाहीं, असें लिहिलें होतें. त्यानें तीन दिवस शिव्या पाठविल्या, आणि चौथ्या दिवशीं तिच्या कारखान्याचें नांव लिहून पाठविलें. तेव्हांपासून ती कोणास नकार कळवीत नाहीं. दार लावून घेते.

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, व रखमाबाईंची गोष्ट इतक्या ठसक्यानें सांगून झाल्यावर तें नसल्याची लाजही वाटली. नकार कळविण्याचें कर्तव्य ज्यास नकार मिळतो त्याच्या सभ्यपणावर उभें आहे, ही गोष्ट आम्ही लक्षांत घेतली नव्हती. कारण आमच्या वेळीं नाकारले जाणारे बहुधा मुलीचे बाप असत, आणि ते शिव्या देत नसत, सायकलीनें परत जात. आतां आमचें मत असें झालें आहे. न बोलावितां आलेल्या नमस्कारास कोणी उत्तर देणें लागत नाहीं. रस्त्यावरच्या प्रत्येक हांकेस ओ देणें कोणाचेंच कर्तव्य नाहीं. आठ पंधरा दिवस आपणही आवडीनें बोलत राहिलों, तर एका वाक्याचें देणें लागतें. प्रत्यक्ष भेटलों, दुसऱ्यानें आपल्या भरंवशावर कांहीं राखून ठेविलें, कांहीं सोडिलें, तर तें देणें मोठें होतें व तें स्वतः, लवकर व स्पष्ट शब्दांत फेडलें पाहिजे. जेथें भय आहे तेथें कांहींही देणें नाहीं. पहिली भेट दिवसाउजेडीं, चारचौघांत, घरीं कोणास तरी सांगूनच व्हावी, हा भाचीचा नियम आहे. तो मुलग्यांनींही पाळावा असें आम्ही त्यास जोडतों.

नाकारलेल्या पुरुषांचा प्रश्न यानें सुटत नाहीं, हें आम्ही जाणतों. २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरास लग्न न जमलेल्या तरुणांनीं मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हां वाचून पुष्कळ जण हंसले. हंसण्यासारखें त्यांत फारसें नव्हतें. २००१ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें ९१३ मुली होत्या; आमचा भाडेकरू त्या मुलग्यांपैकीं एक. २०११ सालीं हा आंकडा ८९४ वर उतरला, आणि त्याच्या बीड जिल्ह्यांत ८०७ वर. तीं मुलें आतां कोठें लग्नाच्या वयाकडे येत आहेत. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे. ज्या मुली जन्मासच आल्या नाहींत त्यांनीं या तरुणांस नाकारलेलें नाहीं. त्यांस त्यांच्या आज्यांनीं व आजोबांनीं आधींच नाकारून ठेविलें होतें. परंतु हा राग येऊन पडतो तो माझ्या भाचीसारख्या, ज्या जन्मास आल्या त्या मुलींच्या मोबाइलावर.

मार्गशीर्षांत आमच्या भाडेकरूस एक मुलगी भेटली. नाशिकची, नोकरीस हिंजवडीस. निगडीच्या एका उपाहारगृहांत दोनदां भेटी झाल्या. साखरपुड्याची व कर्जाची गोष्ट त्यानें पहिल्याच भेटींत सांगितली, व तिनें ती शांतपणें ऐकून घेतली, हें त्यानें आम्हांस मोठ्या आनंदानें येऊन सांगितलें होतें. त्यानंतर तो त्याविषयीं बोलेना. आठ दिवसांनीं आम्हीच जिन्यांत गांठून विचारिलें. तो म्हणाला, “मुलगी चांगलीच आहे काका, पण माझं मन नाही लागलं.” तिला कळविलेंस का, असें विचारतां तो भिंतीकडे पाहून म्हणाला, “काय कळवायचं? समजेल तिला.” ज्यास दोन वेळां न कळवितां सोडिलें गेलें, व जो चार दिवस जेवला नाहीं, तोच हा मुलगा. त्याच्या तोंडून आम्हांस आमच्या वडिलांचा आवाज ऐकूं आला.

त्याच रात्रीं तो खालीं बसून लिहूं लागला. भाची आलेली होती. तिनें पहिले दोन मसुदे टाकून देवविले, कारण एकांत स्वतःची स्तुति होती व दुसऱ्यांत तिची. तिसऱ्यांत दोनच वाक्यें उरलीं: तुमच्याशीं भेटून बरें वाटलें; पण हें पुढें नेण्याचें माझें मन नाहीं, आणि तें सांगावयास उशीर केला याबद्दल क्षमा करा. शेवटीं ‘पुढील आयुष्यासाठीं शुभेच्छा’ असावें कीं नसावें यावर वाद झाला. आम्ही ठेवा म्हटलें. भाची म्हणाली, निरोप-समारंभ आहे का हा? आणि तिनें तें पुसून टाकिलें. निरोप गेला. उत्तर येण्यास तासभर लागला, व तोंवर कोणीच उठलें नाहीं. मग मोबाइल वाजला. तिनें लिहिलें होतें: “बरं झालं कळवलंत. मी शनिवार मोकळा ठेवला होता.”